ख्रिसमस मार्केट बघायला जर्मनीला येताय? आधी कॅलेंडर उघडा

दिवाळी संपली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "मुलांना नाताळची सुट्टी २४ पासून आहे, आम्ही २५ ला फ्रँकफुर्टला उतरतोय, तुमच्याकडची ती मार्केटं बघायची आहेत." उत्तर दरवर्षी तेच द्यावं लागतं: २५ डिसेंबरला जर्मनीतली बहुतेक ख्रिसमस मार्केटं संपलेली असतात. चौकात बंद लाकडी टपऱ्या असतात, गावात दुकानं बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हा बाजार नाताळच्या आधीचा. आकाशकंदिलांचा बाजार बघायला आपण भाऊबीजेनंतर जातो का?

आम्ही न्यूर्नबर्गशेजारी एर्लांगनला राहतो, त्यामुळे पुढचे बरेच तपशील न्यूर्नबर्गचे आणि बव्हेरिया या आमच्या राज्याचे आहेत. बाकी जर्मनीत रीत तीच, फरक थोडे. पहिल्यांदाच येणाऱ्यांनी क्रमाने वाचा. व्हिसा हातात असलेल्यांनी थेट चौथ्या पायरीवर उडी मारली तरी चालेल, पण पहिली पायरी कोणीच चुकवू नका.

१. तारखा ठरवा, मग विमानाचं तिकीट

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. बहुतेक मार्केटं पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या आसपास सुरू होतात आणि २२ ते २४ डिसेंबरच्या दरम्यान उठतात. २०२६ मध्ये हा पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो. न्यूर्नबर्गचं मार्केट त्याच्या आधीच्या शुक्रवारी, म्हणजे २७ नोव्हेंबरला, संध्याकाळी साडेपाचला उघडेल. सोनेरी केसांची, मुकुट घातलेली 'क्रिस्टकिंड' (नाताळच्या देवदूताच्या वेशातली तरुणी) फ्राउएनकिर्खं या चर्चच्या सज्ज्यातून कविता म्हणते आणि बाजार सुरू झाल्याचं जाहीर करते. त्या संध्याकाळी चौकात मुंगीलाही जागा नसते. लहान मुलं बरोबर असतील तर उद्घाटन टाळा, दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

काही शहरांत नोव्हेंबरच्या मध्यापासूनच टपऱ्या लागतात. तिथे एक खाच आहे. पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधीचा रविवार हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. लवकर उघडलेली बरीच मार्केटं त्या दिवशी बंद असतात. तो एकच रविवार हाताशी घेऊन आलात तर पंचाईत.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या मधला आठवडा, सोमवार ते गुरुवार. गर्दी बेताची आणि टपरीवाले अजून थकलेले नसतात. मुलांच्या शाळेला आठवडाभर दांडी मारावी लागते, हे खरं.

सुट्टी २४ नंतरचीच मिळत असेल तर जर्मनीचा हट्ट सोडा. प्रागच्या जुन्या शहराच्या चौकातलं मार्केट ६ जानेवारीपर्यंत असतं. व्हिएन्नात टाउन हॉलसमोरचं २६ डिसेंबरला संपतं, पण शोनब्रुन राजवाड्यासमोरचं नवीन वर्षातही काही दिवस चालतं. जर्मनीत बर्लिन थोडं अपवाद, तिथली काही मार्केटं ३१ डिसेंबरपर्यंत उघडी असतात. तरी नक्की तारखा त्या-त्या शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच पैसे भरा. गेल्या वर्षीच्या तारखा यंदा लागू होत नाहीत.

२. शहरं कमी निवडा

"आठ दिवसांत सात देश" हा हिशेब इथे कामाचा नाही. मार्केट बघायचं ते अंधार पडल्यावर, आणि दिवसाला संध्याकाळ एकच. आठ दिवसांना तीन शहरं पुरतात. रोज बॅगा भरून स्टेशन गाठणाऱ्यांना मार्केट दिसतं ते दुपारी एक वाजता, दिवे नसताना.

सोयीच्या तीन वाटा सांगते.

पहिली, न्यूर्नबर्ग–ड्रेसडेन–प्राग. ड्रेसडेनच्या स्ट्रीट्सेलमार्क्टचा पहिला उल्लेख १४३४ चा आहे. जर्मनीतल्या सर्वांत जुन्या बाजारांपैकी हा एक. ड्रेसडेनहून प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत. न्यूर्नबर्ग ते ड्रेसडेन मात्र गाडी बदलत जावं लागतं, त्यात अर्धा दिवस जातो.

दुसरी, श्टुटगार्ट–स्ट्रासबुर्ग–कोलमार. स्ट्रासबुर्ग फ्रान्समध्ये आहे, तिथला बाजार १५७० पासूनचा. तिथून कोलमार अर्ध्या-पाऊण तासावर. श्टुटगार्टमध्ये टपऱ्यांच्या छपरांवरच्या सजावटी बघण्यासारख्या असतात. मुंबईकरांसाठी आणखी एक कारण म्हणजे श्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. शेजारच्या एसलिंगनमध्ये मध्ययुगीन थाटाचं मार्केट लागतं. मुलांना तेच जास्त आवडतं, असा आमच्या पाहुण्यांचा अनुभव.

तिसरी वाट पुणेकरांसाठी. औंधच्या ब्रेमेन चौकातून रोज जाता ना? मग कोलोनला कॅथेड्रलखालचं मार्केट बघा आणि तिथून उत्तरेला खुद्द ब्रेमेनला जा. जुन्या टाउन हॉलभोवती बाजार आणि खाली वेझर नदीकाठी दुसरा. परदेशी पर्यटकांची गर्दी न्यूर्नबर्गपेक्षा कितीतरी कमी.

३. व्हिसा

जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया, चेकियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, तो शेंगेन व्हिसा. त्यासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने किमान १५ दिवस आधी करावा लागतो, पण त्या किमानवर विसंबू नका. डिसेंबरच्या प्रवासासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अपॉइंटमेंट घ्या. दिवाळीच्या आसपास तारखा मिळणं मुश्कील होतं. फी प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना माफ. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

अर्ज कोणत्या देशाकडे? जिथे जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार, त्याच्याकडे. जर्मनीत दोन रात्री आणि स्ट्रासबुर्गला चार, तरी अर्ज जर्मनीकडे, ही चूक बरेच जण करतात.

लागणारी कागदपत्रं:

- पासपोर्ट: १० वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, दोन कोरी पानं
- भरलेला अर्ज, ३५ × ४५ मिलिमीटरचे नवे फोटो
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, पूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, सगळ्या दिवसांसाठी
- विमानाचं आरक्षण आणि प्रत्येक रात्रीचं हॉटेल बुकिंग
- दिवसवार कार्यक्रम आणि एक साधं पत्र: कोण, कुठे, का, खर्च कोणाचा
- बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं
- नोकरी असेल तर पगारपत्रकं आणि रजा मंजुरीचं पत्र, व्यवसाय असेल तर नोंदणीची कागदपत्रं
- मुलांचे जन्मदाखले. आई-वडिलांपैकी एकच बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र

खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली की शंका घेतली जाते. काकांकडून आठवड्यासाठी चार लाख फिरवून आणण्याने काम बिघडतं. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांच्याकडून आमंत्रणपत्र लागतं. ते कोणत्या नमुन्यात, हे अर्जाच्या यादीत आधी बघून घ्या, म्हणजे आम्हाला रात्री अकराला फोन येत नाहीत.

४. रेल्वे आणि मुक्काम

मुंबईहून फ्रँकफुर्ट आणि म्युनिक दोन्हीकडे थेट विमानं आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर परदेशी प्रवाशांची नवी डिजिटल नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तिला रांगेत वेळ लागू शकतो. म्हणून विमान उतरल्यावर तासाभरातल्या गाडीचं तिकीट काढून ठेवू नका.

लांब पल्ल्याच्या गाडीचं स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, ती चुकली तर पैसे गेले. मात्र पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसत असेल तर हे बंधन सुटतं आणि पुढच्या दुसऱ्या गाडीने जाता येतं. जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात ही आपल्याकडची जुनी समजूत तशीही सोडून द्या. गाडी बदलायला १० मिनिटं दाखवत असतील तर त्यानंतरची गाडी धरा, विशेषतः आजी-आजोबा आणि बॅगा बरोबर असतील तर.

बव्हेरियात फिरण्यासाठी 'बायर्न तिकीट' काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर प्रादेशिक गाड्यांनी फिरता येतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं, शनिवार-रविवारी पहाटेपासून. तिकिटावर नावं लिहावी लागतात. आणि ते आयसीईसारख्या जलद गाड्यांत चालत नाही. तपासनीस "आम्हाला माहीत नव्हतं" हे ऐकून घेत नाही. न्यूर्नबर्गहून बाम्बेर्ग, रेगेन्सबुर्ग, रोथेनबुर्ग यांपैकी कोणतंही एक गाव या तिकिटावर दिवसभरात जाऊन-येऊन होतं.

न्यूर्नबर्गच्या जुन्या शहरातली हॉटेलं अ‍ॅडव्हेंटच्या शनिवार-रविवारी फार महाग होतात. शेजारच्या फ्युर्ट शहरात राहा, मेट्रोची यू-१ थेट जाते. एर्लांगनही चालेल, रेल्वेने वीसेक मिनिटं. एर्लांगनला स्वतःचं छोटं मार्केट आहे, राजवाड्यासमोरच्या चौकात. मी तिथली आहे म्हणून सांगत नाही, पण एखादी निवांत संध्याकाळ तिथे घालवाच.

५. कपडे: सुरुवात पायापासून

सगळे जण जाड जॅकेट आणतात आणि पायात जाळीदार स्पोर्ट्स शूज. मार्केटमध्ये चालणं थोडं आणि उभं राहणं फार. दगडी फरशीवर अर्धा तास उभं राहिलात की गारठा तळव्यातून चढतो, मग वर कितीही महाग जॅकेट असू द्या. टपरीवाले काय करतात बघा, पायाखाली लाकडी फळी टाकून उभे असतात.

जाड रबरी तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट घ्या आणि जाड लोकरी मोज्यांसकट घालून बघूनच विकत घ्या. मोजे आत घट्ट बसले तर पाय जास्तच गार पडतात. त्यावर थर्मल, पातळ लोकरी स्वेटर, वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, कानटोपी, मफलर. तापमान बहुतेक शून्य ते पाच अंश. बर्फाची फार आशा धरू नका, डिसेंबरात बारीक पाऊसच जास्त भेटतो. सासूबाईंना साडीच हवी असेल तर खाली लोकरी लेगिंग आणि बूट, वर लांब कोट. व्यवस्थित जमतं.

६. सुटे पैसे

कार्ड घेणाऱ्या टपऱ्या वाढल्या आहेत, तरी "फक्त रोख" ही पाटी अजून दिसतेच. माणशी ३०–४० युरो रोख ठेवा, त्यात १० च्या नोटा आणि १-२ युरोची नाणी. शंभराची नोट पुढे केलीत तर टपरीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ५० सेंट आणि १ युरोची नाणी वेगळी ठेवा, स्वच्छतागृहासाठी लागतात.

प्रागला युरो चालत नाही असं नाही, पण भाव वाईट मिळतो. तिथे चेक कोरुना, आणि तेही रस्त्यावरच्या कोणाकडून बदलून घ्यायचे नाहीत. एटीएम "तुमच्या चलनात रक्कम घेऊ का" असं विचारतं तेव्हा नाही म्हणा आणि स्थानिक चलनच निवडा.

७. मार्केटमध्ये शिरल्यावर

प्रवेश बहुतेक ठिकाणी मोफत. सकाळी दहाला उघडतं, रात्री आठ-नऊला बंद होतं. खरेदी करायची असेल तर सकाळी या, टपरीवाल्यांना बोलायला वेळ असतो. न्यूर्नबर्गला दुपारी बाराला चौकात असाल तर वर बघा, फ्राउएनकिर्खंच्या घड्याळात सात राजकुमार सम्राटाभोवती फिरतात. डिसेंबरात इथे सव्वाचारला सूर्य मावळतो. दिवे बघायला साडेचार ते साडेसहा ही वेळ उत्तम. त्यानंतर ऑफिसं सुटलेली मंडळी येतात आणि हलायला जागा राहत नाही.

आता मगचा हिशेब. ग्लूवाइन म्हणजे मसाल्यांत गरम केलेली वाइन, साधारण ४ ते ५ युरो. पण तुमच्याकडून ८-९ घेतले जातात आणि लोकांना वाटतं फसवलं. वरचे पैसे चिनी मातीच्या मगची अनामत असते. पिऊन झालं की मग परत द्या, पैसे परत मिळतात. मग आवडला तर घेऊन जा, त्यात चोरी नाही, अनामत हीच त्याची किंमत. एक गोष्ट बघा: एकाच शहरात तीन-चार मार्केटं असतात आणि एकीकडचा मग दुसरीकडे घेत नाहीत. काही ठिकाणी मगबरोबर छोटा बिल्ला देतात, तो हरवला तर अनामत गेली.

मुलांसाठी आणि दारू न घेणाऱ्यांसाठी 'किंडरपुन्श' मागा, फळांच्या रसाचा असतो. 'मिट शुस' लिहिलं असेल तर वाइनमध्ये वरून रम वगैरे घातलेली असते. 'आयरपुन्श'मध्ये अंडं आणि दारू दोन्ही. न्यूर्नबर्गला फ्लाइशब्रुक पुलाजवळ 'फॉयरत्सांगेनबोल'चं मोठं भांडं असतं. रममध्ये भिजवलेली साखर पेटवून ती खालच्या गरम वाइनमध्ये थेंब थेंब पडू देतात. मुलांना ती निळी ज्वाळा दाखवा. स्वतः घेणार असाल तर एकावर थांबा, थंडीत चढलेलं कळत नाही.

८. खाणं

मांसाहारींना न्यूर्नबर्गमध्ये चिंता नाही. 'द्राय इम वेगला' मागा, म्हणजे एका पावात तीन छोटे सॉसेज, प्रत्येक बोटाएवढा, सात ते नऊ सेंटिमीटर. निखाऱ्यावरून थेट पावात जातात, मोहरीचा सॉस आपण वरून घ्यायचा. हे डुकराच्या मांसाचे असतात. गोमांस न खाणाऱ्यांनी 'रिंड' हा शब्द कानात ठेवावा. गुलाश सूपमध्ये बहुतेक तेच असतं.

शाकाहारींनी उपाशी राहायचं कारण नाही, पण विचारायची सवय लावा. बटाट्याचा कीस तळून केलेले राइबेकूखन सफरचंदाच्या गोड सॉसबरोबर मिळतात. लसणीच्या सॉसमधले मश्रूम, वितळलेलं चीज लावलेला पाव, लांगोश (तळलेली जाड रोटी), भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळलेले गरम बदाम, हे सगळं चालतं. सापळे असे: फ्लामकूखन हा पातळ पिझ्झासारखा प्रकार दिसायला साधा कांदा-क्रीमचा, पण त्यात बारीक 'स्पेक' असतो, म्हणजे डुकराचे चरबीदार तुकडे. परतलेल्या बटाट्यांतही तोच. मसुराच्या आमटीत सॉसेजचे तुकडे. तळलेल्या पिठाच्या गोळ्यांना कधी कधी डुकराची चरबी वापरतात. तीन शब्द पाठ करा: 'ओने फ्लाइश' मांसाशिवाय, 'ओने स्पेक' आणि 'ओने आय' अंड्याशिवाय. अंडं न खाणाऱ्यांना शेवटचा फार लागेल, कारण राइबेकूखनच्या पिठात, वॉफलमध्ये आणि लेबकूखन या मसालेदार नाताळी बिस्किटांमध्ये ते सहसा असतंच.

९. काय घ्यावं

न्यूर्नबर्गला लेबकूखन घ्यायचे तर 'एलिझेन' प्रकारचे घ्या. त्यात किमान २५ टक्के सुकामेवा असतो आणि मैदा १० टक्क्यांच्या वर नसतो. दोरीत ओवलेली, साखरेने नाव लिहिलेली मोठी हृदयं फोटोपुरती, चवीला कोरडी. ड्रेसडेनचा श्टोलेन केक आठवडे टिकतो म्हणून भारतात न्यायला सोयीचा. त्यातले मनुके रममध्ये भिजवतात, ज्यांना द्यायचा त्यांना सांगा.

एर्त्सगेबिर्गं डोंगराळ भागातले लाकडी 'रॉयखरमेनशन' मला सगळ्यांत आवडतात. कमरेपासून दोन भाग होणारा लाकडी माणूस, आत धुपाची कांडी पेटवून ठेवली की तोंडातल्या पाइपातून धूर निघतो. हाताने बनवलेला छोटासाही पंचवीस-तीस युरोच्या खाली सहसा मिळत नाही. दहाला मिळतोय तर तो बहुधा बाहेरून आयात केलेला. उलटा करून खालचा शिक्का बघा. न्यूर्नबर्गचे 'त्स्वेचगनमेनले' हे बाहुलेही खास असतात. सुक्या आलुबुखाऱ्यांचे हातपाय तारेत ओवलेले, अक्रोडाचं डोकं, त्यावर रंगवलेला चेहरा. ते खायचे नसतात, हे मुलांना आधीच सांगा.

१०. गर्दी आणि सुरक्षा

बर्लिनला २०१६ मध्ये आणि माग्देबुर्गला २०२४ मध्ये मार्केटवर गाडी घालून हल्ले झाले. त्यानंतर काँक्रीटचे अडथळे, पोलीस आणि बॅगांची तपासणी वाढली आहे. मोठी पाठपिशवी हॉटेलवर ठेवा आणि फळं कापायची सुरी बॅगेत राहू देऊ नका. पाकीट पुढच्या खिशात. मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. संध्याकाळी पाचनंतर बाबागाडी घेऊन न्यूर्नबर्गच्या मुख्य चौकात शिरू नका. शेजारच्या हान्स-साख्स-चौकात मुलांचं वेगळं मार्केट असतं, जुन्या पद्धतीचे मेरी-गो-राउंड तिथेच.

११. रविवार आणि २४ डिसेंबर

जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद. २४ ला न्यूर्नबर्गचं मार्केट दुपारी दोनला उठतं आणि साधारण त्याच सुमाराला बाकी दुकानंही. २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी. या काळात इथे असाल तर २३ लाच दूध, ब्रेड, भाजी भरून ठेवा. काहीच नसेल तर मोठ्या शहराचं मुख्य स्टेशन गाठा, तिथली काही दुकानं आणि बेकऱ्या सुट्टीतही उघड्या असतात.